लंडन तात्यांचा कायदा

जिंकायला आठ बॉलात सहा रन पाहिजेत, बॉलर धावत निघालाय, मी बॅट आपटून राहिलोय, आणि अंपायर शांतपणे बेल्स काढून खिशात टाकतो. "टी!" का? तर चार वाजले! बॉलर अर्ध्या वाटेवर थांबून त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. असा अंपायर अख्ख्या लोहा तालुक्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या गावाला मिळाला. लंडन तात्या!

खरं तर तात्यांचा आणि लंडनचा काही संबंध नाही. जन्मभर एसटीत कंडक्टर. रिटायर झाल्यावर मुलीकडं इंग्लंडला सहा महिने राहून आले, तेही लंडनपासून तीन तास लांब, एका खेड्यात. पण आमच्याकडं इंग्लंड म्हणजे लंडनच. जाताना धोतर नेसून गेलेला माणूस आला तो डोक्यावर पांढरी हॅट घालून. गुरांच्या डॉक्टरकडून जुना पांढरा कोट मागून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मैदानात हजर. मॅच सुरू करायची म्हणजे "प्ले" वगैरे नाही. "डबल बेल!" असं ओरडायचे. सवय कुठं जाते?

त्या खेड्याच्या गप्पा आम्हाला तोंडपाठ होत्या. "गावाच्या मधोमध हिरवंगार मैदान. एका कडंला चर्च, दुसऱ्या कडंला पब. म्हातारे बाहेर बाकावर ग्लास घेऊन बसत्यात. पोस्टमन बॉलिंग करतो, खाटीक त्याला सिक्स मारतो, बॉल जाऊन पबच्या खिडकीवर आदळतो, अन् पबवाला टाळ्या वाजवतो! हाय का आपल्याकडं असं?"

"तात्या, पबमधी तुम्ही काय पिलात?"

"लिंबू सरबत."

"खरं सांगा."

"तुझ्या काकूसमोर इचारू नको."

मग त्यांनी ते खेडंच आमच्या शाळेच्या मैदानात आणायचं ठरवलं. हिरवळ कुठून आणणार? मे महिन्यात आमचं मैदान म्हणजे तवा. पण बाऊंड्रीच्या आत एक लिंबाचं झाड होतं. त्याला बॉल लागला की चार रन, हा नियम त्यांनीच केला. समोरच्या संघातल्या कुणी पन्नास मारले की आम्ही टाळ्या वाजवायच्या. पोटात आग पडली तरी वाजवायच्या! आणि गंगाधरच्या चहाच्या टपरीवर खडूनं लिहिलं: 'पब'. झालं! गंगाधरच्या बहिणीला बघायला चाकूरहून पाहुणे आले, पाटी वाचली, आणि चहा न घेताच चपला शोधायला लागले. तात्यांनी त्यांना तासभर बसवून इंग्लंड समजावून सांगितलं. लग्न जमलं, पाटी मात्र पुसावी लागली.

पण त्यांचा सगळ्यात अवघड कायदा वेगळाच होता. बॅटची कट लागून कीपरनं कॅच घेतला तर अंपायरनं बोट वर करायचं नाही. बॅट्समननं स्वतःच निघून जायचं! "तिकडं समदेच जात्यात," तात्या म्हणायचे. "स्टॉप आला की पॅसेंजरनं आपणहून उतरायचं. कंडक्टरनं हाताला धरून खाली वढायचं न्हाई." आमच्याकडं दांडी उडाली तरी "वारं लागलं" म्हणणारी जात. पण तात्या असे टक लावून बघायचे की माणूस लाजेनं उतरायचाच.

बाकी त्यांना हाक मारणं म्हणजे शिक्षा. तीनदा ओरडल्याशिवाय वळायचे नाहीत. मोबाईल खिशात वाजून वाजून थकायचा. काकू म्हणायच्या, "मुद्दाम करत्यात." आम्हालाही तसंच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात आमचा कॅप्टन बाळूदादा वैतागला. जत्रेची टूर्नामेंट तोंडावर आली होती. तो भर टपरीवर म्हणाला, "तात्या, राग मानू नका, पण टूर्नामेंटला मी नांदेडचा अंपायर आणून राहिलो. चहापाणी, टाळ्या, ह्याच्यानं मॅच व्हत न्हाई."

तात्यांचा चेहरा पार उतरला. कपातला चहा तसाच. मग म्हणाले, "एक मॅच दे मला. बोरवाडीसंगं. भांडण झालं तर हा कोट तुझ्या हातात देतो."

आम्ही हसायलाच लागलो. बोरवाडीसंगं! शेजारचं गाव, पण त्यांच्याशी झालेल्या मॅचनंतर सहाच्या सहा स्टंप कधी परत आले नव्हते. तीन-चार तरी कुणाच्या पाठीवर मोडायचेच. म्हणजे तात्यांचा कोट गेल्यातच जमा.

मॅच झाली. आधी बोरवाडीनं बॅटिंग केली. चार वाजता टी. तात्यांनी पंगत बसवली, एक आमचा, एक त्यांचा, एक आमचा, एक त्यांचा. काकूंचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. बोरवाडीचा फास्ट बॉलर, ज्याला सगळे ट्रॅक्टर म्हणायचे, माझ्याच शेजारी. बाळूदादा माझ्या कानात, "वाढ त्याला! अजून वाढ! पळता आलं न्हाई पायजे." मी बोटांवर मोजत वाढत गेलो. सात, आठ, नऊ... तात्या मागून गुरगुरले, "मोजू नको रे, पाहुणा हाय!"

नऊ धपाट्यांचा गुण आला. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्येच राहिला. आम्ही मारत सुटलो. शेवटची जोडी, तीन बॉलात पाच रन, आणि स्ट्राईकवर मी! ट्रॅक्टरनं बॉल टाकला, मी बॅट फिरवली, आणि बारीक, केसाएवढी कट लागली. हाताला कळली. कीपरनं कॅच धरला आणि बोरवाडी एका सुरात ओरडली.

तात्या हलले नाहीत. दोन्ही हात कोटाच्या खिशात, नजर माझ्यावर. बाहेरून बाळूदादा बोंबलतोय, "हालू नको रे! हालू नको!" बोरवाडीच्या कीपरनं एक स्टंप उपटून हातात घेतला. आमची दोन पोरं बॅटी घेऊन आत निघाली. तात्यांच्या कपाळावरून घामाची धार कोटाच्या कॉलरवर आली. मग ते चालत माझ्याजवळ आले आणि मला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "स्टॉप आला का रे?"

मायला! नुसतं "न्हाई" म्हणायचं होतं.

"आला, तात्या," म्हणलं आणि निघालो.

चार रननी हरलो. बाळूदादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. घरी आईसुद्धा म्हणाली, "उभं राहायला काय झालं व्हतं तुला?" पण त्या कीपरनं स्टंप परत जागेवर रोवला, हातानं माती दाबली. ट्रॅक्टर जाताना दहावा धपाटा मागून घेऊन गेला. स्टंप मोजले, पूर्ण सहा! कोट तात्यांकडंच राहिला आणि टूर्नामेंटला नांदेडहून कुणी आलं नाही.

दिवाळीनंतर मुलीनं दोघांना कायमचंच तिकडं नेलं. मुदखेड स्टेशनवर तात्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "धू. लई घाण झालाय." एवढंच. गाडी हलल्यावर मी पाच मिनिटं नाकात काहीतरी गेल्यासारखं करत होतो.

परवा मी मैदानात असतानाच व्हिडिओ कॉल आला. हॅट, बाक, मागं हिरवंगार मैदान, आणि हातात ग्लास. कानात काहीतरी पांढरं बटण.

"मशीन बसवलंय पोरीनं," म्हणाले. "समदं ऐकू येऊन राहिलंय. काल इथं एकाला एवढी मोठी कट लागली, अन् गडी हालला न्हाई! मी बाकावरून वरडलो, 'उतर की लेका!' समदं गाव माझ्याकडं बघून राहिलं."

"पण तात्या, तुम्ही तर म्हणला व्हता तिकडं समदेच जात्यात?"

तात्यांनी ग्लासातून एक घोट घेतला. इकडं तिकडं बघितलं.

"कोण जातंय? इथं बी तुमच्यासारखेच. मला कटच ऐकू यायची न्हाई रे. एसटीच्या इंजिनाशेजारी जन्म गेला. मंग अंपायरनं करायचं काय?"

एवढी फसवणूक! आणि मी तिच्यापायी मॅच घालवली होती!

"कुणाला सांगू नको," ते म्हणाले. "पोरं अजून उतरत्यात का?"

मी मैदानाकडं बघितलं. अंगात त्यांचाच कोट होता. नुकतीच बोरवाडीच्या एकाला बारीक कट लागली होती, मला स्वच्छ ऐकू आली होती, तरी मी हात खिशातच ठेवले होते. आणि तो गडी बॅट काखेत मारून, मान खाली घालून निघाला होता, लिंबाच्या झाडाखालून, गंगाधरच्या टपरीकडं.

"उतरत्यात, तात्या."

"मंग बस्स. डबल बेल!" म्हणाले आणि फोन ठेवला.