माळी निर्दोष आहे

डहाणू स्टेशनवरचे तिकीटबाबू गोपीनाथ चुरी यांनी एक खुनाची कादंबरी नऊ वेळा वाचली होती. सत्त्याऐंशी साली तिच्यावरचा सिनेमा तलासरीच्या तंबूत लागला, तेव्हा ते रजा टाकून दुपारच्या खेळाला गेले. कादंबरीत खुनी होता डॉक्टर. पडद्यावर मात्र पोलिसांनी माळ्याला बेड्या घातल्या. गोपीनाथ ताडकन उभे राहिले.

"थांबवा! माळी निर्दोष आहे!"

लोक खेकसले. पण चिकूच्या वाडीत राबणारी वेवजी गावची नवशी ओरडली, "बाबूला बोलू द्या!" तंबूच्या मालकाने नाइलाजाने दिवे लावले. गोपीनाथांनी पिशवीतून कादंबरी काढली आणि शेवटचं प्रकरण खड्या आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तंबूबाहेर पाटी लागली: 'सिनेमानंतर खरा खुनी.' गोपीनाथांनी आठवड्याची रजा घेतली. शनिवारी तर मध्यंतरातच गलका झाला, "सिनेमा बंद करा, बाबूंना आणा!"

गोपीनाथ दुखावले. "अहो, पूर्ण बघितल्याशिवाय तो किती चुकलाय ते कळणार कसं?" असं म्हणून ते पडद्याशेजारी उभे राहिले आणि शेवटपर्यंत लोकांना दटावत राहिले.