झेंडूखालचा फोन

दावणगेरेच्या त्या कॉलेजात कोट्रेशइतक्या तुच्छतेनं बघणारा दुसरा मुलगा नव्हता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावर झोपलेलेही जागे होत. मोबाइलवाल्यांना तो 'काचघाशे' म्हणे. माना मोडून काचेवर बोटं घासणारी पोरं दिसली की, "आमच्या गल्लीत भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा अधूनमधून मान वर करतात," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटे.

पण गेल्या वर्षी धारवाडच्या वादविवाद स्पर्धेची सूचना फक्त कॉलेजच्या मोबाइल ग्रुपवर आली. कोट्रेशला कळली तोवर त्याच्याच वर्गातला मल्लेश तिथं जाऊन, निम्मं भाषण विसरून, परतही आला होता. मल्लेशनं जावं आणि आपण राहावं! हा घास वर्षभर त्याच्या घशात अडकून होता. शेवटी आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी त्यानं नाक मुरडत मोबाइल घेतला. तो चालू करून द्यायला मल्लेशच आला, हे आणखी वाईट.

"अरे, दाबतोस काय असा? भाकरी थापतोयस का?"

"काचच ती. गोडीनं सांगून तिला कळणार आहे थोडंच?"

"बरं, स्वतःचा एक फोटो लाव."

"मी कसा दिसतो ते मला माहीत आहे. ग्रुपमध्ये घे आणि जा."

सकाळी आंघोळ करून येतो तर फोन जागेवर नाही. त्याची आई, अव्वा, ब्लाउज शिवायची. तिनं शिलाई मशीन, कात्री, अप्पांची गवंडीकामाची थापी, विळी असं सगळं पुसून मांडलं होतं, आणि मधोमध फोन! काचेवर विभूतीचे तीन पट्टे, त्यावर कुंकू, वर झेंडू.

"अव्वा, माझा फोन!"

"हात लावायचा नाही. संध्याकाळी दृष्ट काढून कोहळा फुटेपर्यंत आज कुठलंच हत्यार उचलायचं नाही."

"ते हत्यार नाही गं. रिकामटेकड्यांचं खेळणं आहे."

"मग ओरडतोस कशाला एवढा?"

तेवढ्यात झेंडूखाली उजेड पडला. तो वाकला. विभूतीच्या दोन पट्ट्यांमधून हिरेमठ सरांचा निरोप दिसला: 'धारवाडला कोण जाणार? आज पाचच्या आत...' पुढचं कुंकवाखाली. मग अंधार. अव्वानं हात जोडले आणि आणखी एक फूल वाहिलं.

मल्लेशच्या फोनवरून कळवता आलं असतं. पण मल्लेशच्या काचेपुढे हात जोडून उभं राहायचं? त्यानं चपला घातल्या. सायकललाही केळीचे खुंट बांधलेले, म्हणजे तीही गेली. भर उन्हात तो गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत निघाला. ओट्याओट्यावर पोरं काच घाशीत बसलेली. "घासा," तो मनात म्हणाला, पण पाय जरा उचलले.

सर लुंगीवर मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीभजी, खात बसले होते. "काय रे, चालत आलास?"

"सर, धारवाडला मी जातो. बाकीच्यांनी कळवलं असेलच."

"कळवलं असेल बाबा." सरांनी आवाज खाली आणून अंगठ्यानं आत खूण केली. "निरोप टाकला आणि हिनं फोन पूजेला लावला."

आत स्कूटरच्या किल्लीशेजारी तसाच फोन. तेच पट्टे, तोच झेंडू. त्या ओट्यांवरच्या सगळ्या घासणाऱ्यांची आठवण येऊन कोट्रेशला त्या दिवसातलं पहिलं हसू फुटलं.

"पाचच्या आत माझ्यापर्यंत तू एकटाच पोचलास. तुझं नाव पक्कं," सर म्हणाले. "विषय आहे, मोबाइल हा विद्यार्थ्याचा खरा मित्र. आपल्या वाट्याला त्याची बाजू घेणं आलंय."

"विरोधात नाही चालणार, सर?"

"चिठ्ठी तशी निघाली. जमत नसेल तर मल्लेश आहेच."

"जमेल!"

संध्याकाळी कोहळा फुटला. अव्वानं फोन पुढे केला. "घे तुझं खेळणं." कोट्रेशनं सदऱ्याच्या टोकानं विभूती पुसली आणि भिंतीला टेकून बसला. या मित्राचा एखादा तरी गुण शोधणं भाग होतं. दिवे लागले, अप्पांचं जेवण झालं.

"कोट्रेशा," अव्वा तिसऱ्यांदा म्हणाली, "मान वर कर की जरा. ताट वाढलंय."