डाव्या दाराचं माप

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्यालाही कळत नव्हतं, त्यामुळे संसार सुखाचा झाला. नवरा बँकेत कारकून. बॉनेट पुढे असतं आणि डिकी मागे, इथे त्याचं ज्ञान संपायचं. गाड्यांचं वेड होतं सासऱ्यांना. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, कुणाच्या तरी परसात कोंबड्यांनी राहायला घेतलेल्या गाड्या ते ओढून आणायचे आणि दोन-दोन वर्षं खपून पुन्हा रस्त्यावर पळवायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. धाकटा मुलगा, म्हणजे वहिनीचा दीर, त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता.

वहिनी सासऱ्यांच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात शिरली ती सुईदोरा घेऊन. माहेरी ती कपडे शिवायची, हे कळल्यावर सासऱ्यांनी एका गाडीच्या सीटांचं फाटकं चामडं तिच्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "टेलरबाई, बघ जमतंय का." जमलं. मग गाडीवरचा कापडी टप जमला. मग एक दिवस सासरे बाहेर गेलेले पाहून तिने पत्र्याचा तुकडा वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोड्याने ठोकून त्याला वाटीसारखा खोलगट करून दाखवला. सासऱ्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मापाचे हातमोजे आणले. त्या घरात याला कौतुक म्हणत.

तिच्या हातचं काम वीस वर्षं रस्त्यावर पळत होतं, पण गिऱ्हाईक आत आलं की ठरलेला प्रश्न विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" सुरुवातीला तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढे ती "बसा, येतील" म्हणायची आणि हातातलं काम पुरं करून मग खोचलेला पदर सोडून समोर येऊन उभी राहायची. काहींना तरीही उलगडा व्हायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांचा उजवा हात गेला. चमचासुद्धा धरवेना, मग हातोडा कुठला. तेव्हापासून ते दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसत आणि तिथून सगळ्यांना सल्ले देत, म्हणजे चुका काढत. काम कमी होत गेलं. मिस्त्री नाहीत म्हटल्यावर लोक मोठ्या वर्कशॉपकडे वळले. समोरच्या टायरवाल्याचा या जागेवर डोळा होताच. दीर एके दिवशी स्पष्टच म्हणाला, "वहिनी, डॉक्टरबाईंची गाडी शेवटची. ती धड झाली तर बघू. नाही तर सोमवारी टायरवाला उत्तर मागायला येतोय आणि मी त्याला हो म्हणणार. बाबांना मी सांगेन."

वहिनीने मान खाली घालून हातातला टाका पुरा केला. त्या रात्री जेवण मात्र तिला गेलं नाही.

डॉक्टरबाई पंचाहत्तरीच्या. गाडी त्यांच्या वडिलांची. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि तिथे ती स्वतः चालवत न्यायची, असा त्यांनी पण केला होता. इंजिन सुरू झालं, रंगाची तयारी झाली, सीट तर वहिनीने अशी शिवली की डॉक्टरबाई त्यावर बसून पंधरा मिनिटं उठल्याच नाहीत. अडलं ते डाव्या दारापाशी. जुन्या दाराची गंजून चाळण झाली होती, म्हणून दिराने उजव्या दारावरून फरमा काढला, तो उलटा करून नवं दार घडवलं आणि लावलं. दार बसेना. वरून बसवावं तर खाली बोटभर फट, खालून दाबावं तर वरचा कोपरा बाहेर.

डॉक्टरबाईंनी गुरुवारी येऊन ते पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "मी दार सुतळीने बांधून मेळाव्याला जाणार नाही. जमत नसेल तर शनिवारी सांगा, मी गाडी दुसरीकडे हलवते." त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"फट आहे तिथे लांबी भरून घासू," दीर म्हणाला. पत्र्यातले खड्डे बुजवायचा तो लेप म्हणजे त्याचं रामबाण औषध. "आणि दाराचा खांब थोडा आत ठोकू."

"खांब आतून लाकडाचा आहे, भाऊजी. ठोकलात तर फुटेल आणि छत हलेल."

"मग काय करायचं? माप तर अगदी सुतापर्यंत बरोबर आहे."

इथे वहिनी थबकली. माप बरोबर होतं, पण कुणाचं? माहेरी तिला पहिल्याच आठवड्यात आईने शिकवलं होतं की माणसाचे दोन खांदे कधी सारखे नसतात, तेव्हा कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. तिने रद्दीची वर्तमानपत्रं आणली, चिकटपट्टी आणली आणि झगा बेतावा तसा दाराच्या रिकाम्या चौकटीवर कागद लावून कडा आखून घेतल्या. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्ही कागद जमिनीवर एकावर एक ठेवले. डावा कागद खालच्या अंगाला बोटभर लांब निघाला आणि त्याची कमान जरा पसरट.

"कारखान्यातून आलेली गाडी आहे," खुर्चीतून सासरे म्हणाले. "दोन्ही बाजू सारख्याच असणार. तुझा कागद सुरकुतला असेल."

वहिनीने पुन्हा कागद लावला. पुन्हा बोटभर. मग ती बॅटरी घेऊन गाडीत शिरली. दोन्हीकडच्या लाकडी खांबांवर कारखान्यातल्या सुतारांनी पेन्सिलीने आकडे टाकलेले होते. उजवीकडचे आकडे ताठ, डावीकडचे तिरके. तिने सासऱ्यांना धरून आणलं आणि दाखवलं. "दोन बाजू दोन माणसांनी केल्यात, बाबा. प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या नजरेने. दार ज्याच्या चौकटीत बसवायचं, माप त्याचंच घ्यायला हवं."

सासऱ्यांनी ते तिरके आकडे डाव्या हाताच्या बोटाने एकेक करून चाचपले. पन्नास वर्षं या धंद्यात घालवून ही गोष्ट सुनेकडून कळावी, हे गिळायला वेळ लागणारच. माळ्यावर त्यांनी जुन्या जाडीचा एकच अख्खा पत्रा जपून ठेवला होता. तसा आता मिळत नाही.

"टेलरबाई, पत्रा चुकला तर उसवता येत नाही."

"म्हणून तर आधी कागद कापते."

"काढ मग तो खाली," ते दिराला म्हणाले. दिराने तोंड वाकडं केलं, पण शिडी लावली.

शुक्रवार आणि शनिवार वहिनी त्या पत्र्याशी झटली. ठोकायचं, लावून बघायचं, उतरवायचं, पुन्हा ठोकायचं. दर खेपेला हातमोजा काढून तळवा फिरवायचा, कारण डोळ्याला जे दिसत नाही ते तळव्याला कळतं. नवरा डबा घेऊन आला, गाडीकडे पाहून "छान आहे" म्हणाला आणि चुकीच्या बाजूचं दार उघडून बसला. शनिवारी दुपारी दार चढलं. दीर म्हणाला, "जोरात लावा." वहिनीने एका बोटाने ढकललं. दार खट्‌ करून बसलं आणि कडेची रेघ वरपासून खालपर्यंत सारखी राहिली. दिराने त्या फटीत वरून खालपर्यंत पोस्टकार्ड फिरवलं. कुठेही अडलं नाही, कुठेही सैल पडलं नाही. तो तिथेच उकिडवा बसला आणि म्हणाला, "वहिनी, चुकलो मी." त्याने हे आयुष्यात दुसऱ्यांदा म्हटलं असेल.

रंगाचा हात संध्याकाळपर्यंत फिरला. रविवारी सकाळी डॉक्टरबाई आल्या. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग वहिनीचा हात दोन्ही हातांत धरला आणि गाडी घेऊन गेल्या. मेळाव्यात म्हणे लोक गाडी बघत होते कमी आणि दार लावून त्याचा आवाज ऐकत होते जास्त.

सोमवारी दहा वाजता फाटकाबाहेर दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. तिसरी ट्रकवर चढवून आणलेली, तिला चाकंच नव्हती. त्या गर्दीतून वाट काढत समोरचा टायरवाला आला, उत्तर मागायला. खुर्चीतल्या सासऱ्यांना ओलांडून त्याने आत डोकावलं.

"एवढ्या गाड्या! नवे मिस्त्री कुठे आहेत?"

सासऱ्यांनी डावा हात उचलला आणि आत पत्र्यापाशी उभ्या असलेल्या वहिनीकडे दाखवलं. "त्या काय तिथे, मिस्त्री."

वहिनीने ऐकलं. वीस वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून तिला टेलरबाई सोडून दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं. तिचे डोळे भरले, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. तिने हात पुसले, पदर सोडला आणि समोर येऊन उभी राहिली.

"बरं झालं आलात," ती टायरवाल्याला म्हणाली. "तुमच्याकडे निरोप पाठवणारच होते. ट्रकवरच्या त्या गाडीला पाच टायर लागतील, स्टेपनी धरून."