डिकीतला परका नवस

देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं, पण त्याच्याकडे माझं फारसं कामही नसायचं. साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. बेअरिंग कुरकुरायला लागलं की ते सीझनभर चालेल की मध्येच बसेल, हे मी नुसत्या कानाने सांगायचो. आवाज आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते पान्याने सुटणार, एवढीच माझी श्रद्धा. पूजाअर्चा सगळी बायकोकडे. मी आरतीला टाळ्या वाजवायचो, त्याही नंतरची बोलणी टाळण्यासाठी. अशा माणसाने देवाचा अनुभव लिहायला घेतला म्हणून घरात सध्या माझी चेष्टा चालू आहे. चालू दे.

आमची मुलगी नर्स. तिची नेमणूक तोरणमाळला झाली. आमचं गाव ब्राह्मणपुरी, म्हणजे ती डोंगरावर आणि आम्ही खाली. सुट्टीला तिला घरी येता यावं म्हणून शहाद्यातून एक जुनी गाडी घेतली. दिसायला बरी होती, पण एकेक खोडी बाहेर पडू लागली. उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. वायपर काचेच्या मध्यावर येऊन विचार करत थांबायचा. डाव्या दाराची काच खड्ड्यात गेली की खाली बसायची. इंजिन चालू असताना किल्ली निघून हातात यायची. निवृत्तीनंतर हाताला असं काम मिळाल्याने मी खूश होतो, आणि हे सगळं मी घरच्या अंगणात दुरुस्त केलं.

एक आवाज मात्र जाईना. मागच्या डाव्या बाजूने, वळणावर आणि खराब रस्त्यावर, टक, टक, मग जरा थांबून पुन्हा टक. गाडी उभी केली की गप्प. मी बुश बदलले, शॉकअप काढून बसवले, सायलेन्सरचे रबर नवे घातले, चाकं काढून ब्रेक पाहिले. सगळं कोरडं, ठणठणीत. मुलगी गाडी चालवायची आणि मी मागच्या सीटवर उलटा बसून डिकीकडे कान लावायचो. तसं मला गावातून फिरताना पाहून लोकांना वाटलं, आप्पांना उलटी होतेय. शहाद्याच्या मिस्तरीने हात टेकले. म्हणाला, "आप्पा, जुनी गाडी शे. थोडाफार आवाज करीच." असलं उत्तर मी कारखान्यात माझ्या हेल्परलाही देऊ दिलं नसतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, जॅक ठेवतात तिथल्या हुकाला, लाल फडक्यात बांधलेला एक नारळ लटकत होता. फडकं कळकट झालेलं. आधीच्या मालकाचा कसला तरी नवस असणार. आमच्याकडे परक्याच्या नवसाच्या गाठीला कुणी हात लावत नाही; ती सोडायची तर देवाच्या दारात. गाडी विकणाऱ्याने तो तसाच ठेवला होता. धुणाऱ्याने त्याच्या भोवतीने धुतलं होतं. मिस्तरी त्याच्या बाजूने वाकून काम करत होता. आणि मी, ज्याला देवाचं काही नव्हतं, मीही जॅक काढताना खांदा तिरका करून त्याला चुकवत होतो. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी घरात जाहीर करून टाकलं, की आवाज सापडेपर्यंत गाडी घाटात जाणार नाही. त्यावर मुलगी चिडली. "आप्पा, सोमवारे माले हाजर व्हनं शे. तुम्ही आवाज शोधत बठा, मी एसटीमा जास." बायकोचं वेगळंच. घरात गाडी आली की पहिला नारळ तोरणमाळच्या गोरखनाथाला, ही तिच्या माहेरची रीत. ती म्हणाली, गाडी वर नेऊ, नारळ वाहू, मग आवाजाचं तो बघेल. मी म्हणालो, त्याला शॉकअप कळतो का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातपाय धुवायला गेलो. अखेर ठरलं की रविवारी तिघांनी वर जायचं, मुलीला आणि गाडीला तिथे ठेवायचं, आणि आम्ही दोघांनी जीपने खाली यायचं. पुढच्या सुट्टीला ती एकटी गाडी घेऊन उतरणार होती. त्या उताराच्या विचाराने मला आदल्या रात्री झोप लागली नाही.

घाट चढताना मीच चालवत होतो. प्रत्येक वळणाला मागून टक. माझे कान त्यावर, त्यामुळे डोंगर काही दिसला नाही. देवळाजवळ उतरलो. बायकोने पिशवीतून आमचा नारळ काढला आणि तशीच थांबली. डिकीकडे बोट करून म्हणाली, "आपला नारय मांगे. पहिले तो. तो आपलापेक्षा पहिले गाडीमा बठेल शे." कुणाचा का असेना, देवाच्या दारापर्यंत आला आहे, तर त्याला परत खाली न्यायचं नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. इतके दिवस त्या गाठीपाशी खांदा चोरला होता, ती देवाच्या दारात सोडायला आता मला हरकत नव्हती.

गाठ सोडली, नारळ हातात घेतला आणि जरासा हलवला. टक. पुन्हा हलवला. टक. आतलं खोबरं वाळून करवंटीपासून सुटलं होतं आणि त्याचा गोटा आत आपटत होता. एवढे बुश आणि रबर बदलून मी ज्याच्या मागे लागलो होतो तो हा. मला इतकं हसू आलं की हात सैल झाला. नारळ निसटला, उतारावरून घरंगळत गाडीखाली गेला आणि मागच्या डाव्या चाकाला आतून टेकून थांबला.

मी गुडघ्यावर बसून हात घातला. नारळ ओला लागला. पाणी नव्हतं, बोटं एकमेकांवरून घसरत होती. वास घेतला आणि माझं हसू तिथेच गोठलं. ब्रेक ऑइल. टायरची आतली बाजू भिजली होती. आत बसून ब्रेक दाबला. पहिल्यांदा धरला. पुन्हा दाबला तर पाय खोल गेला.

मी खाली गावात तपासलं तेव्हा ते चाक कोरडं होतं. चढताना ब्रेकला फारसं काम पडत नाही. आम्ही गाडी मुलीपाशी ठेवून निघून गेलो असतो. आवाजाला तीही कंटाळली होती, तिने गाण्याचा आवाज वाढवला असता आणि सुट्टीच्या दिवशी ती आनंदाने उताराला लागली असती. मी तिथेच धुळीत बसून राहिलो आणि रडलो. मुलगी विचारत होती, आप्पा काय झालं. मी तिला तेलाने भरलेली बोटं दाखवली.

शेजारी एक जीपवाला सीताफळांच्या पाट्या चढवत होता. त्याने वाकून चाक पाहिलं. "बाबा, हाई गाडी आज खाले लई जाऊ नका. मन्ही जीपमा बठा," म्हणाला. मुलगी वर राहिली. आम्ही सीताफळांमध्ये बसून उतरलो. सोमवारी शहाद्यातून ब्रेकचा सुटा भाग घेतला, त्याच्याच जीपने वर गेलो आणि देवळाजवळ चाक काढून स्वतःच्या हाताने बसवला. मग त्या घाटातून गाडी खालपर्यंत नेली आणि परत वर आणून मुलीच्या दारात लावली. आवाज नव्हता.

तो नारळ आम्ही रविवारीच स्वच्छ धुऊन वाहिला होता. फोडला तेव्हा आतून अख्खा गोटा निघाला. बायकोने त्याचा प्रसाद वाटला, जीपवाल्यालाही दिला. कुणाचा नवस, कशासाठी बोलला होता, आम्हाला कळलं नाही. तो माणूस कदाचित अडचणीत सापडला असेल, गाडी विकावी लागली असेल, वर यायचं राहून गेलं असेल. मी त्याच्या नावाने, म्हणजे नाव माहीत नसताना, हात जोडले. देवाला काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, म्हणून एवढंच म्हणालो, की त्याचं काम झालं नसेल तर कर. माझं झालं आहे.

वाळलेला नारळ वाजतो, चाकाजवळचं तेल कधीतरी गळतं, आणि उतारावर सुटलेली वस्तू खाली घरंगळते. या तिन्हींची कारणं मी कुणालाही समजावून सांगेन. पण माझ्या कानाने जिथे जायला हवं होतं तिथे माझा हात दुसऱ्याच कुणीतरी नेला, एवढं मी आता मानतो. जे आपल्याला ऐकू येतं ते आपण नीट करावं. जे ऐकू येत नाही, ते सोपवून द्यावं.

त्या हुकाला आता नवा नारळ आहे, नव्या लाल फडक्यात. बायकोने नाही, मी बांधला. मुलगी सुट्टीला घरी आली की मी जेवणाआधी चारही चाकांच्या आत हात फिरवून बघतो. मग डिकी उघडून तो नारळ कानाशी नेऊन हळूच हलवतो. अजून आतून पाणीच वाजतं. ज्या दिवशी टक ऐकू येईल, त्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन वर जाणार आहे.