जास्वंदीवरचा कॅमेरा

बंगळूरला आमच्या बनशंकरीत फुलं चोरणारे सगळे देवभक्त. कानटोपी, बूट, ओठांवर स्तोत्र आणि खिशात प्लॅस्टिकची पिशवी. सकाळी फिरायला निघायचं आणि कंपाउंडबाहेर डोकावेल ती फांदी ओरबाडायची. एकदा फाटकाशी एका बाईंना मी रंगेहाथ पकडलं. काठापदराची साडी, केसांत गजरा. मला म्हणतात कशा, "देवरिगे अल्वा अक्का, स्वल्प!" देवासाठीच ना, थोडीशीच! आमच्या घरात काय देव नव्हते?

फुलांचं मला डोंबल काय पडलंय! प्रश्न सासूबाईंचा होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालल्या नाहीत तर पाय आखडेल, आणि चालताना वॉकर सोडायचा नाही, पडल्या तर सगळं मुसळ केरात. पण चालायचं नाव काढलं की बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून झोपणार. उठायच्या त्या एकाच गोष्टीसाठी. फाटकाजवळच्या तांबड्या जास्वंदीची फुलं देवीला स्वतःच्या हातानं तोडून आणायची. आणि त्या वॉकर टेकत बाहेर येईपर्यंत झाड बोडकं! लवकर उठवावं तर ही भक्तमंडळी त्याहून लवकर. विकतची फुलं देवीला चालत नाहीत. "तिथं आहे काय, कशाला जाऊ?" म्हणत त्या पुन्हा आडव्या व्हायच्या. माझं डोकं उठायचं.

शेवटी आमच्या ह्यांनी चिकपेटेच्या बाजारातून कॅमेरा आणला आणि फाटकावर बसवून स्वतःच्या फोनला जोडला. ह्यांचं ऑफिस के. आर. पुरमच्या पलीकडे. ट्रॅफिकच्या धास्तीनं उजाडताच कंपनीची बस पकडतात. आता बसमध्ये बसल्या बसल्या फाटक दिसायला लागलं.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सगळे साधुसंत! फांदीकडे गेलेला हात वर नजर जाताच मागे फिरायचा आणि उगाचच कान खाजवायचा. त्या गजरेवाल्या बाईंनी तर कहर केला. खाली पडलेलं एक फूल उचललं, कॅमेऱ्यासमोर नीट धरलं, पडलेलंच आहे हं, असं हातानं दाखवलं आणि मग पिशवीत टाकलं. पण लाइट गेली की कॅमेऱ्याचा बारीक दिवा विझायचा, आणि लाइट येईपर्यंत झाड साफ. तेवढ्या वेळात ह्या लोकांना पुन्हा देव आठवायचा. असली भक्ती बघून माझा संताप संताप व्हायचा.

तरी एकूण फुलं राहायला लागली. सासूबाई रोज जायला लागल्या. मी स्वयंपाकघरात मुलांचे डबे भरत असायची, तेवढ्यात ह्यांचा बसमधून फोन. "अगं, आई वॉकरशिवाय चालतेय! ताठ चालतेय!" ह्यांनी बहिणीला कळवलं, मावशीला कळवलं. मीही वेडी, खूश झाले. बाहेर जाऊन बघायला सकाळी सवड कुणाला होती?

एके दिवशी दूध घ्यायला दाराशी गेले तर वॉकर दाराआड उभा. बाहेर सासूबाई ताठ मानेनं, हसऱ्या चेहऱ्यानं, हातात फुलं घेऊन परत येत होत्या. उंबरा ओलांडला मात्र, त्यांनी चौकट धरली, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि चपलांच्या स्टुलावर धपकन बसल्या. मी साडी वर करून पाहिलं. गुडघा टम्म सुजलेला.

"अहो आई, हे काय चालवलंय तुम्ही?"

"ओरडू नकोस. तो बघत असतो."

"मग बघू दे की!"

"कामाला निघालेला पोरगा. मला वाकून, कण्हत चालताना बघितलं तर दिवसभर जिवाला घोर. त्याला वाटायला नको, आई कामातून गेली म्हणून."

कर्म माझं! दूधवाल्यानं चुकून जास्त दूध दिलं तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारणारी ही बाई. जन्मात कधी खोटं बोलली नाही, आणि आता रोज सकाळी पोटच्या पोराला पायानं थापा मारत होती. चोर फुलं दाखवून सोवळे होत होते आणि ही ताठ चालून दाखवत होती. मला रडूच फुटलं. त्यांना आत नेऊन बसवलं, तेच स्टूल फाटकाशी नेलं आणि कॅमेरा काढून टाकला. जाऊ देत फुलं खड्ड्यात.

हे रात्री उशिरा आले, त्यांना मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्थातच झाड बोडकं. सासूबाई मात्र, एखादं तरी राहिलं असेल, म्हणत निघाल्या. वॉकर खटखट आपटत, पावलापावलाला कण्हत, मध्येच थांबून त्या गजरेवालीचा उद्धार करत. पानांआड दडलेलं एक फूल मिळालं, ते घेऊन आल्या आणि देवीसमोर खुर्चीत टेकल्या.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "कॅमेरा का बंद आहे? आई चालली का? मला काही दिसत नाही."

"दिसणार नाही. तुम्हीच विचारा आईंना." मी स्पीकर लावला आणि फोन सासूबाईंसमोर धरला.

"आई, कसा आहे पाय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही फोन खाली घेतला नाही.

"अरे, दुखतोय रे," त्या म्हणाल्या. "फार दुखतोय."

हे बसमधूनच म्हणाले, "थांब आई. उतरतो मी इथंच. येतोय."