गुरुवारचा अल्बम

आमच्या बँडमधल्या चौघांपैकी तिघे कंपनीत क्वालिटी विभागात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

पहिला अल्बम आम्ही चाकणला ड्रमरच्या मामाच्या गाळ्यात रेकॉर्ड केला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. पण बँड म्हटल्यावर रविवारीच जमायचं, असा आमचा थाट, म्हणून चौघांनी रजा टाकल्या. शेजारच्या गाळ्यातलं प्रेस मशीन प्रत्येक गाण्यात धाडधाड घुसलं. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र तो अल्बम तीनदा ऐकला. आयुष्यभर प्रेस चालवून रिटायर झालेला माणूस.

"ह्यात काम चालू हाय," म्हणाले.

माझी गिटार ऐकू आली का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या अल्बममध्ये त्यांना ती ऐकू आलीच पाहिजे, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं.

मग रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी. सगळा परिसर चिडीचूप. त्या शांततेत आमच्यातले तिन्ही इन्स्पेक्टर जागे झाले. चेकलिस्ट आली. श्वास ऐकू आला, रिजेक्ट. स्टूल करकरलं, रिजेक्ट. गायक एकदा भावनेच्या भरात तालाच्या जरा पुढं गेला, तर त्याला रिवर्कला पाठवलं. आठ गाण्यांना दीड वर्ष लागलं.

अल्बम आला. मित्र म्हणाले, "भावा, लय क्लीन!" आणि विषय बदलला. एका श्रोत्यानं विचारलं, "राव, पहिल्या अल्बममधला तुमचा दुसरा ड्रमर सोडून गेला का? तोच भारी होता." आमचा एकुलता एक ड्रमर आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

मला फक्त अण्णांचं ऐकायचं होतं. त्यांनी इयरफोन लावून आठही गाणी ऐकली. मी समोर, दहावीच्या निकालाला बसावं तसा. शेवटी त्यांनी इयरफोन काढून नीट गुंडाळले.

"गुरुवारी केलंय व्हय?"

"हो. कसं कळलं?"

"गिटार चांगली वाजवतोस की," ते म्हणाले. मी आणखी ऐकायला पुढं सरकलो. एवढ्यात त्यांनी इयरफोन माझ्या हातात दिले. "पण रिटायर झाल्यापासनं माझा रोजच गुरुवार हाय. तो पहिला अल्बमच लाव."