लग्नाच्या चपलांवर बसवलेला पाय

नकली पाय बसवायला मुंबईच्या इस्पितळात जायचं होतं, तेव्हा मी लग्नकार्यात घालायच्या टाचेच्या चपला काढल्या. एवढ्या मोठ्या ठिकाणी स्लिपर घालून कसं जायचं? खिळा लागून डावा पाय चिघळला आणि गुडघ्याखालून काढावा लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. उजवी चप्पल पायात घातली, डावी पिशवीत घेतली आणि कुबड्या घेऊन निघाले.

तिथल्या माणसाने दोन्ही चपला घालायला लावून मला दांड्यांच्या मधून चालवलं. स्क्रू पिळून पाय सारखा केला. मी चांगली चालले. चपलांबद्दल त्याने काही सांगितलंही असेल, पण परक्या पुरुषाने पायाला हात लावल्याने मी इतकी संकोचले होते की नुसती मान हलवत राहिले.

डोंबिवलीला घरी आल्यावर त्या चपला पुसून पुन्हा खोक्यात ठेवल्या. रोजच्याला स्लिपर. पण नकली पायाला बोटांनी पकड घेता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत स्लिपर मागे राहायची. मग मागे पट्टा असलेल्या सपाट सँडल घेतल्या. त्या सुटत नव्हत्या, पण मला कुणीतरी मागे ओढतंय असं वाटायचं. गुडघा मागे जायचा आणि वीस पावलांत कापलेलं टोक ठणकायचं. आणखी दोन जोड घेऊन पाहिले, तेच. हे म्हणाले, तुझ्या मनात भीती बसलीय. मलाही ते खरं वाटायला लागलं.

जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली. शाळा दहा मिनिटांवर, पण तिला आणायला शेजारीण जायची. एकदा मुलगी जेवताना म्हणाली, "बाईंनी विचारलं आई का येत नाही, तर मी सांगितलं, आमची आई घरातच असते." ती सहज बोलून गेली. दिवाळीच्या सुट्टीआधी हिला मीच आणणार, असं ठरवलं.

भाजी मार्केटजवळ चपला शिवणारे एक काका बसायचे. रिक्षाने गेले. साडी घोट्यापर्यंत वर घेऊन पाय दाखवायला मला बराच वेळ लागला. त्यांनी मला चार पावलं चालायला सांगितलं आणि विचारलं, "ताई, पाय बसवला तेव्हा पायात काय होतं?"

मी सांगितलं, लग्नातल्या चपला, टाचेच्या.

ते हसले. "मग हा पाय त्या टाचेच्या उंचीला जुळवलाय, तो लग्नालाच निघालाय. तुम्ही त्याला सपाट चपलेत घालून बाजारात नेताय, तो रुसणारच. त्या चपला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी नेल्या. त्यांनी बोटं लावून टाचेची उंची पाहिली आणि माझ्या सपाट जोडाला टायरचा रबर लावून तेवढ्याच उंचीची रुंद टाच केली, दोन्ही पायांना सारखी. पट्टाही जाड घातला. घालून उभी राहिले तर मागची ओढ गेली होती. दीड बोट उंचीसाठी मी एवढे महिने स्वतःला भित्री समजत होते.

आठ दिवस रोज थोडं थोडं अंतर वाढवत गेले. मग शेजारणीला सांगितलं, उद्या तुम्ही जाऊ नका.

रस्त्यात दोनदा थांबले. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा मुलं सुटत होती. मुलीने आधी माझ्या मागे पाहिलं. "काकू कुठायत?"

"आज मी आलेय."

रोज काकूंकडे द्यायची तसं तिने दप्तर माझ्या हातात दिलं आणि मैत्रिणींबरोबर पुढे पळाली. मी तिला थांब म्हटलं नाही. दप्तर खांद्याला अडकवलं आणि तिच्या मागे चालू लागले.